आधी हात मोजा, मग कपडे

प्रश्न: आम्ही पाच जण आठ दिवसांच्या सहलीला निघतोय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८), मुलगी ९ वर्षांची आणि धाकटा ३ वर्षांचा. तिकिटं सगळ्यात स्वस्त काढली आहेत, त्यात माणशी ७ किलोची एक केबिन बॅग, बाकी काही नाही. विमानानंतरचा प्रवास रेल्वे आणि बसने. दर वेळी ठरवूनही सामान वाढतं आणि सहलीचं बजेट त्यापायीच कोलमडतं. नव्या हलक्या बॅगा, पॅकिंग क्यूब (बॅगेत कपडे वेगळे ठेवायचे चौकोनी कापडी खण) वगैरे घ्यावेत का? कमी खर्चात हे सगळं कसं बसवायचं?

उत्तर: नव्या बॅगा घेऊ नका, क्यूबही नकोत. ते पैसे सहलीसाठी राहू द्या.

गेली अठरा वर्षं मी कौटुंबिक सहलींच्या गटांबरोबर जाते आहे. या काळात लोकांना बॅगा भरताना पाहिलं, आणि त्याच बॅगा विमानतळाच्या फरशीवर उघडून बसलेलंही पाहिलं. त्यावरून सांगते, कुटुंबाच्या सामानाचा हिशोब किलोपासून सुरू केला की चुकतो. तो हातांपासून सुरू करावा लागतो.

किलो तुमच्याकडे भरपूर आहेत. दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्र सीट घ्यावी लागते आणि सीटबरोबर सामानाचा वाटाही मिळतो, म्हणजे पाच जणांचे ३५ किलो झाले. आठ दिवसांना एवढं लागतही नाही. आता हात मोजा. तुम्हा दोघांचे मिळून चार. एक हात धाकट्याने धरलेला. एक तिकिटं, फोन, पैसे काढायला मोकळा हवाच. जिना किंवा बसची पायरी आली की एक हात सासूबाईंसाठी. राहिला एक. पाच जणांच्या सामानासाठी तुमच्या घरात एकच हात शिल्लक आहे आणि आजवर त्या एका हातावर पाच बॅगा टाकल्या जात होत्या.

हात संपले की पैसे जायला लागतात. दोन थांब्यांवर बस असते, पण सामान धरून चढता येत नाही म्हणून टॅक्सी होते. पाच माणसं आणि पाच बॅगा एका टॅक्सीत मावत नाहीत, म्हणून मोठी गाडी किंवा दोन गाड्या. खोली सोडल्यावर गाडीला पाच तास असतात, पण सामान घेऊन फिरता येत नाही म्हणून लॉकर किंवा हमाल. स्टेशनजवळची महाग खोली लोक याच कारणाने घेतात. हा खर्च सामानाच्या नावावर कधीच लिहिला जात नाही, तो "प्रवास" आणि "इतर" मध्ये मिसळून जातो. विमान कंपनीला भरलेला दंड तेवढा लक्षात राहतो, कारण त्याची पावती मिळते.

म्हणून तुमच्यासाठी मांडणी अशी: दोन मोठ्या पाठीच्या सॅक तुम्हा दोघांच्या पाठीवर, चाकांची एकच बॅग त्या उरलेल्या हातात, मुलीची शाळेची सॅक रिकामी करून तिच्या पाठीवर आणि सासूबाईंच्या खांद्याला आडवी अडकवायची छोटी पर्स. धाकट्याच्या नावाची बॅग नाही. पिशव्या नाहीत. "ही एक पिशवी हातात राहू दे" म्हणून जी निघते तीच कुठल्या तरी बाकावर विसरते.

मुलीच्या सॅकचं वजन सांभाळा. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नसावं, असं सर्वसाधारणपणे सांगतात. २८ किलोच्या मुलीला हे सुमारे ३ ते ४ किलो होतं, पण ते दिवसभर चालायचं असताना नव्हे. तिची सॅक अडीच किलोच्या आत ठेवा आणि त्यात असं सामान घाला, की ती दमली तर ती आख्खी सॅक तुमच्यापैकी कुणालातरी पुढे छातीवर अडकवता यावी.

आता बॅग. २८ इंची कडक कवचाची बॅग रिकामीच ४ ते ५ किलोची असते. केबिनमध्ये चालणारी ट्रॉलीसुद्धा बऱ्याचदा अडीच-तीन किलो भरते, म्हणजे ७ किलोंतले जवळजवळ निम्मे तिथेच गेले. कापडी सॅक एक ते दीड किलोत येते. बॅगेला चाकं लावायचं पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळालं आणि प्रवास खरोखरच सोपा झाला. पण चाकं फक्त सपाट फरशीवर आपल्या बाजूने असतात. जिन्यावर, खडबडीत रस्त्यावर, बसच्या दारात तीच चाकं आणि तो दांडा आपल्याला उचलावा लागतो. घरात दोन चाकांची जुनी ट्रॉली असेल तर चार चाकांच्या नव्या बॅगेपेक्षा तीच न्या, खराब रस्त्यावर ती ओढायला बरी पडते. आणि मापाच्या बाबतीत विमान कंपनीच्या संकेतस्थळावरचे आकडे सेंटीमीटरमध्ये उतरवून घ्या, मग टेपने बॅग चाकं आणि मुठीसकट मोजा. बॅगेचं माप चाकं धरूनच घेतलं जातं, आणि माणसं ती न धरता मोजतात.

कपड्यांकडे वळू, कारण सामान फुगतं ते इथेच. किती दिवसांची सहल आहे हे डोक्यातून काढून टाका. दोन धुण्यांमध्ये किती दिवस जातात, एवढंच बघा. दर दोन दिवसांनी रात्री थोडेसे कपडे धुणार असाल, तर अंगावर एक जोड आणि बॅगेत तीन टी-शर्ट, एक पँट, आतल्या कपड्यांचे चार जोड, झोपायचा एक जोड, एक पातळ जॅकेट एवढं एका मोठ्या माणसाला पुरतं. याचं वजन करून बघा: टी-शर्ट सरासरी १८० ग्रॅम, पातळ पँट ४०० ग्रॅम, आतले कपडे मिळून ३००, झोपायचे ३५०, जॅकेट ४००. सगळे मिळून दोन किलोच्या आसपास. मुलीचे कपडे सव्वा किलोत बसतात. धाकट्याचे कपडे लहान पण नग जास्त, त्यामुळे तेही तेवढेच. पाचही जणांचे कपडे साडेआठ किलोंत आटोपले. आठ दिवसांची सहल असो की वीस, बॅग हीच.

"सहलीला जाऊन कपडे काय धुवायचे!" असं प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतंच. त्यामागचा कंटाळा मला समजतो. पण पाच जणांचा ढीग आठव्या दिवशी घरी येऊन धुण्यापेक्षा रात्री अंघोळीच्या वेळीच दोन टी-शर्ट आणि आतले कपडे खळबळून टाकणं पंधरा मिनिटांचं काम आहे. खरी अडचण धुण्याची नसते, वाळण्याची असते. त्यासाठी मी जे करते ते सांगते.

धुतलेला टी-शर्ट हाताने पिळून घ्या, पण जीव खाऊन पिळू नका, शिवण उसवते. मग कोरडा टॉवेल पलंगावर किंवा स्वच्छ फरशीवर पसरा, त्यावर टी-शर्ट सपाट ठेवा, बाह्या आत घ्या. टॉवेल आणि टी-शर्ट मिळून घट्ट गुंडाळी करा. ही गुंडाळी जमिनीवर ठेवून तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाचेने दाबत चाला. धाकट्याला हे काम फार आवडेल, त्यालाच उभं करा. उघडल्यावर टॉवेल ओला झालेला दिसेल आणि टी-शर्ट हाताला फक्त गारसर लागेल. असा कपडा पंख्याखाली किंवा खिडकीशी टांगला की सकाळपर्यंत वाळतो. टांगायला तीन मीटर नायलॉनची दोरी आणि आठ-दहा चिमटे घ्या. चिमटे नसतील तर दोरी दुहेरी करून तिला पीळ द्या आणि त्या पिळात कपड्याची टोकं अडकवा.

कापड कुठलं, यावरही बरंच ठरतं. हवेतला ओलावा धाग्यात किती मुरतो याचं प्रमाण कापडधंद्यात मोजलेलं आहे: लोकरीचं साधारण १६ टक्के, सुती धाग्याचं ८ च्या आसपास आणि पॉलिस्टरचं अवघं ०.४. म्हणून खेळाचा पॉलिस्टर टी-शर्ट चार-पाच तासांत वाळतो आणि जाड सुती टी-शर्ट दमट हवेत दुसऱ्या दिवशी दुपारीही दमटच राहतो. उलट पॉलिस्टरला घामाचा वास लवकर धरतो, तो दोन दिवस घालता येत नाही. माझा अनुभव असा, की मिश्र धाग्याचे पातळ कपडे सहलीला सर्वांत चांगले. ते विकत आणायची गरज नाही. कपाटातल्या प्रत्येक कपड्याच्या आत धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर धाग्यांची टक्केवारी असते. ती वाचून निवडा. मुलीचा शाळेतला खेळाच्या तासाचा टी-शर्ट नक्कीच असा असेल.

जीन्स ६०० ते ८०० ग्रॅमची, आणि धुतली तर दीड दिवस वाळत नाही. न्यायचीच असेल तर एकच, तीही अंगावर. बुटांचंही तसंच: जड बूट पायात, बॅगेत फक्त चपला. धाकट्यासाठी मात्र दोन जोड ठेवा, कारण त्याचे बूट पहिल्याच दिवशी पाण्यात जाणार आहेत आणि ऐन वेळी लहान मुलाच्या मापाचं पादत्राण शोधायला अर्धा दिवस आणि नको तेवढे पैसे जातात.

टॉवेलकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून ते मुद्दाम सांगते. ७० बाय १४० सेंटीमीटरचा, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम) नेहमीचा टॉवेल जवळपास ४९० ग्रॅम भरतो. पाच जणांचे पाच म्हणजे अडीच किलो, आणि ओले झाले की त्याहून बरेच जास्त. खोलीत टॉवेल मिळतो का हे बुकिंग करतानाच विचारा. मिळत असेल तर स्वतःचा एकच, पातळ, तोही कपडे पिळायला आणि आडवेळेला म्हणून. मिळत नसेल तर पाचांसाठी तीन पातळ पंचे खूप झाले.

द्रव पदार्थांचं वजन लोकांना दिसत नाही. अर्ध्या लिटरची शांपूची बाटली म्हणजे अर्धा किलो, आणि लागणार किती? एका धुण्याला १० मिली धरा, चार डोकी, तीन वेळा केस धुवायचे, म्हणजे १२० मिली. धाकट्याचं थेंबभर वेगळं. घरातल्या औषधाच्या रिकाम्या ६० मिलीच्या दोन बाटल्या गरम पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या, काम झालं. वर मोठ्या अक्षरात नाव लिहा, हे विसरू नका, नाहीतर औषधाची बाटली समजून कुणी तोंडाला लावेल. अंगाला साबणाची वडी, कपड्यांना साबणाची वडी. घन वस्तू सांडत नाही आणि तपासणीतही अडत नाही.

विमानाच्या तपासणीत जो १०० मिलीचा नियम आहे तो २००६ पासूनचा. तो बाटलीच्या मापाचा आहे, आत किती उरलंय त्याचा नाही. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाला थोडीशी टूथपेस्ट उरली असली तरी ती काढून घेतली जाते. असे सगळे डबे-बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्याने नियम सैल झाला आहे, पण परतीचा विमानतळ वेगळा असू शकतो, म्हणून १०० मिलीच धरून चाला. औषधं आणि लहान मुलांचं दूध-खाणं यांना सूट असते, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात. आणि बाटली सांडू नये म्हणून: विमानाच्या आत हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, त्यामुळे बाटलीतली हवा प्रसरण पावून आतला द्रव झाकणातून बाहेर येतो. मऊ बाटली थोडी दाबून, हवा काढून मग झाकण लावा. झाकणाखाली पातळ प्लॅस्टिकचा तुकडा धरला तर आणखी बरं.

आता वाटणी. घरोघरी प्रत्येकाची बॅग वेगळी भरतात. मग प्रत्येकाचा साबण वेगळा, चार्जर वेगळा, कंगवा वेगळा, आणि "माझ्या बॅगेत जागा आहे" म्हणून उगाच घातलेलं काहीतरी वेगळं. पाच जणांचं सामान एकच आहे असं समजून एकाच पलंगावर मांडा. एक टूथपेस्ट, एक कंगव्यांची पिशवी, एक सुईदोरा, एक छोटी कात्री (ती केबिन बॅगेत बऱ्याच ठिकाणी अडवतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत घरीच), दोन छत्र्या. चार्जरही एकच, दोन-तीन पोर्टचा. त्यावर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर तो कुठल्याही देशात चालतो, फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. तो अडॅप्टर एकच घ्या आणि घरातला छोटा एक्स्टेन्शन बोर्ड त्याला लावा. पाच अडॅप्टर घेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. चार्जर आणि फोन लावायला तो बोर्ड ठीक आहे, इस्त्री किंवा किटली त्यावर नको.

कपडे मात्र बॅगांमध्ये विखरून टाका. प्रत्येक मोठ्या सॅकमध्ये पाचही जणांचा किमान एक जोड. माझ्या एका गटात दोन्ही मुलांचे सगळे कपडे एकाच बॅगेत होते आणि ती बॅग तीन दिवस उशिरा आली. मुलं आईच्या टी-शर्टमध्ये फिरली, आणि आईवडिलांनी पहिल्याच दिवशी दोन्ही मुलांसाठी नवे कपडे घेतले. त्यातले निम्मे मापात नव्हते.

तुमच्या बॅगा केबिनच्या असल्या तरी हे लागू आहे. विमान भरलेलं असेल तर ऐन दारात केबिन बॅग काढून घेऊन पोटात टाकतात. त्या घाईच्या क्षणासाठी प्रत्येक सॅकच्या अगदी वरच्या कप्प्यात एक कापडी पाऊच ठेवा, जो दहा सेकंदांत ओढून काढता येईल. त्यात औषधं, पासपोर्ट-ओळखपत्रं, चष्मा, किल्ल्या आणि पॉवर बँक. पॉवर बँक विमानाच्या पोटात जाऊच शकत नाही, ती आपल्याबरोबर वरच ठेवायची असते. १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा वेगळी परवानगी न घेता चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे मर्यादेत. आकडे पुसट झालेली जुनी पॉवर बँक नेऊ नका, क्षमता दाखवता आली नाही तर ती तपासणीत ठेवून घेऊ शकतात.

आणि बॅग पोटात गेलीच आणि फुटली किंवा उशिरा आली, तर विमानतळातून बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू असेल, तर नुकसानीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. मुदत गेली की हक्क गेला. बॅग भरून झाल्यावर उघड्या बॅगेचा एक फोटो काढून ठेवा. आत काय होतं हे सांगताना तोच उपयोगी पडतो.

औषधांवर काटकसर करू नका. सासूबाईंची रोजची औषधं आठ दिवसांऐवजी बारा दिवसांची घ्या आणि ती दोन ठिकाणी ठेवा, अर्धी त्यांच्या पर्समध्ये, अर्धी तुमच्या पाऊचमध्ये. गोळ्या मूळ पट्टीतच राहू द्या, डबीत सुट्या भरल्या की नाव, ताकद आणि मुदत तिन्ही गेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये आणि एक कागद पर्समध्ये. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव दुसऱ्या ठिकाणी कुणाला कळेलच असं नाही. परदेशी जात असाल तर ती औषधं तिथे चालतात का, हे त्या देशाच्या दूतावासाच्या माहितीत आधी बघा. काही ठिकाणी साध्या खोकल्या-सर्दीच्या औषधांतल्या घटकांवरही बंदी असते. इन्सुलिन घेत असतील तर ते कधीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

मुलांसाठी तापाचं औषध त्यांच्या डॉक्टरांकडून वजनानुसार प्रमाण लिहून घेऊन न्या, सोबत त्याचं मोजायचं टोपण किंवा सिरिंज. ओआरएसची चार पाकिटं घ्या. ती वापरताना एक चूक फार होते: लिटरभर पाण्याचं पाकीट मूल पिणार नाही म्हणून ग्लासभर पाण्यात ओततात. तसं केलं की क्षार जास्त होतात आणि त्रास वाढतो. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट घाला, चमच्याने पाजा, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. २०० मिलीची छोटी पाकिटं मिळाली तर मुलांना तीच सोयीची.

धाकट्यासाठी हाताशी एक पिशवीवजा कप्पा लागेल, तुमच्यापैकी एकाच्या सॅकच्या बाहेरच्या खणात. त्यात त्याचा एक पूर्ण जोड, ओले टिश्यू, खराब कपडे कोंबायला दोन घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, कोरडा खाऊ आणि तुमचा स्वतःचा एक टी-शर्ट. हा शेवटचा टी-शर्ट कुणीच घेत नाही. बसमध्ये मूल ओकतं ते स्वतःपेक्षा जास्त त्याला घेऊन बसलेल्या माणसाच्या अंगावर. मुलाचे कपडे बदलून होतात आणि आई किंवा बाबा पुढचे चार तास तसेच बसतात. रात्रीचे डायपर अजून लागत असतील तर दोन रात्रींपुरते घ्या, बाकीचे पोहोचल्यावर. त्याचं झोपायचं लाडकं खेळणं मात्र बॅगेत कोंबू नका आणि रोज खोली सोडताना ते हातात आहे का ते बघा. ते हरवलं तर त्याची भरपाई कुठल्याही पैशांत होत नाही.

"लागलंच तर" म्हणून घ्यायच्या वस्तूंसाठी मी एकच प्रश्न विचारते: ही वस्तू तिथे तासाभरात विकत किंवा उसनी मिळेल का? मिळत असेल तर घरी. औषध, चष्मा, कागदपत्रं यांना हा प्रश्न लावायचा नाही, ती घ्यायचीच. माझ्या गटांमध्ये लोक दर वेळी पुन्हा विकत घेतात त्या वस्तू ठरलेल्या आहेत: छत्री, टोपी, चार्जरची वायर आणि लहान मुलाची चप्पल. या चार घरी असूनही विसरतात, आणि न लागणारे सहा जोड बरोबर असतात.

क्यूबबद्दल विचारलंत म्हणून. त्यांचा उपयोग कपडे वेगळे राहायला होतो. तो जुन्या उशांच्या अभ्र्यांनी किंवा कापडी पिशव्यांनीही होतो, प्रत्येकाला वेगळा रंग दिला की मुलगी स्वतःचं स्वतः शोधते. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्यांपासून जपून राहा. त्या जागा वाचवतात, वजन नाही. उलट जागा दिसली म्हणून आपण आणखी भरतो आणि काट्यावर अडकतो. सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून मध्यभागी, ट्रॉलीत जड वस्तू चाकांच्या बाजूला. कपड्यांची गुंडाळी करा की घडी, मला त्यात फारसा फरक दिसलेला नाही.

रिकामी पाण्याची बाटली प्रत्येकाची, एक झाकणाचा डबा आणि दोन चमचे. प्रवासात उपाशी आणि तहानलेल्या मुलांसाठी जे ऐन वेळी घ्यावं लागतं त्याच्या तुलनेत या तीन वस्तूंचं वजन नगण्य आहे.

वजन घरीच करा. माणसांचं वजन करायचा काटा असेल तर आधी स्वतः उभे राहा, मग सॅक घेऊन, वजाबाकी करा. ७ ची मर्यादा असेल तर जाताना साडेपाचवर थांबा. दीड किलो परतीसाठी, कारण येताना काहीतरी येतंच, आणि कपडे दमट असतात. मी काही वर्षांपूर्वी एका काउंटरवर एका आजोबांना तीन शर्ट एकावर एक घालताना पाहिलं, भर उन्हाळ्यात, सगळ्यांसमोर, अर्धा किलो जास्त झालं म्हणून. घरचे त्यांच्याकडे बघत नव्हते. त्या दिवसापासून माझ्या गटातल्या प्रत्येक कुटुंबाला मी निघायच्या आधी वजनाचा आकडा फोन करून विचारते.

निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, सगळं भरून झाल्यावर पाचही जण सामानासकट घराबाहेर पडा. जिना असेल तर जिन्याने उतरा. धाकट्याचा हात धरून, सासूबाईंना बरोबर घेऊन, त्यांच्याच चालीने दहा मिनिटं चाला आणि परत या. वाटेत जो कुणी हात किंवा खांदा बदलायला थांबेल, घरी आल्यावर त्याची बॅग उघडा आणि त्यातून दोन वस्तू काढून ठेवा.